खाल्ल्या मिठाचा इतिहास

आमच्या लिंबागणेशला आजा एक गोष्ट कायम सांगायचा. पोरपणी तो बापामागं येसकराची भाकर मागायला गावात जायचा. काठीची घुंगरं वाजली की बाया वरूनच भाकर टाकायच्या. सांगून झालं की म्हणायचा, "पण बाबा, खाल्ल्या मिठाला जागलो आपण." एवढं म्हणताना म्हाताऱ्याची छाती फुगायची. मला त्या छातीचाच राग यायचा.

प्राध्यापक लोक ज्याला सांस्कृतिक मूल्य म्हणतात, ते आमच्या वाट्याला एकच आलं : ईमान. गावाशी, पाटलाशी, वेशीशी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, म्हणजे या ईमानाचा रोख पगार विचारला. हे आपल्याकडंच आहे असंही नाही. फिलिपिन्समध्ये 'उतांग ना लोओब' म्हणतात, उपकाराचं मनातलं ऋण. दोन बरोबरीच्या माणसांत ते गोड असेल; जमीनदार आणि कुळात त्याचं दावं होतं. दावं कसं तुटलं याचा इतिहास सरकारी दफ्तरात नाही, दोस्तांनो. तो आपल्या कथांत आहे.

बंधुमाधवांची 'विषारी भाकरी' घ्या. आजा आणि नातू बापू पाटलाच्या खळ्यावर राबतात, आणि पदरात पडते बैलांपुढची शेणात लडबडलेली शिळी भाकर. ती खाऊन आजा मरतो. मरता मरता नातवाला सांगतो, शिक, आणि ही भाकर सोड. मी ही कथा आमच्या आज्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्यात बी एकजण असाच गेला. पटकी म्हणून पुरला." साऱ्या जन्मात हे तो कधी बोलला नव्हता. ईमानाच्या गोष्टीत तो मेलेला माणूस बसतच नव्हता ना!

अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं'मध्ये तर गावही मागं सुटलंय. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते आणि भीमा मढी उकरून सोनं काढतो. मेलेल्याचा मान राखावा हे मूल्य खरं, पण ते पोट भरलेल्याला परवडतं. भीमाची दोन बोटं जातात, आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. गिरणीत ले-ऑफचा कागद लागतो तेव्हा मला ही कथा आठवते. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले होते, म्हणून त्यांना कामाचा देव करावा लागला नाही.

(उर्मिला पवारांचं 'सहावं बोट' १९८८ चं. बायांच्या अब्रूचं मूल्य कोण ठरवतो हे त्यांच्या कथा आपल्याच घरात येऊन विचारतात. त्यावर आपल्यातल्या एखाद्या बाईनंच लिहावं.)

आणि बाबूराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं. घटनेला तेरा वर्षं, धर्मांतराला सात. कथेतला 'मी' रेल्वेत नोकरीला गुजरातेत जातो. जात विचारली की उलट उत्तर देतो आणि उसना मान भोगतो. जात उघडी पडते, तेव्हा मार खातो. त्याला सोडवतो काशीनाथ सकपाळ, चाकू बाळगणारा. खरं बोलावं हे मूल्य आपल्याला शाळेत शिकवलं. पण खरं ऐकायची ज्याची लायकी नाही, त्याच्याशी खोटं बोललं तर चोर कोण? आणि चोरी काशीनाथ करत नाही, सुशिक्षित 'मी' करतो, हेही बागूल झाकत नाहीत. मला ते झोंबलं.

झोंबलं, कारण गिरणीजवळ खोली बघताना घरमालकानं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "बीडचे." तो हसला, मीही हसलो, आणि किल्ली मिळाली. मी अजून त्याच खोलीत राहतो. संपादकांना कळवलंय, या लेखावर माझं नाव आडनावासकट टाका. मालक काही वाचत नाही. त्याचा पोरगा वाचतो.