व्यवसायोपचार म्हणजे नवा धंदा नव्हे!

अर्धांगवायूनंतर चिठ्ठीवर ‘व्यवसायोपचार’ हा शब्द दिसला की बरेच जण विचारतात, “डॉक्टर, आता या वयात कोणता व्यवसाय शिकू?” नाव फसवे आहे खरे. इथे व्यवसाय म्हणजे तुमची रोजची कामे: शर्टाची बटणे लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, पोळी लाटणे.

हे शास्त्र आपल्याकडे रुजवले कमलाबाई निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या. फिलाडेल्फियात शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. पुढे नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आला.

विद्या परदेशातून आली, तरी सराव इथल्या घरातलाच करावा लागतो. तिकडच्या रुग्णाला काटाचमचा पुरतो. आपल्याला मांडी घालून बसायचे असते, हाताने भात कालवायचा असतो, साडी नेसायची असते.

हात पूर्ववत होईलच, असे कोणी सांगू शकत नाही. पण एका हाताने साडी कशी नेसावी, हेही हे तज्ज्ञ शिकवतात. सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. ती चिठ्ठी फाइलमध्ये ठेवून देऊ नका.