हरवलेलं विमान कोण शोधतं?

मागच्या जुलैत आमच्या घाटाखालच्या गावात रात्री साडेआठला फोन आला. शहरातून ट्रेकला आलेली तीन पोरं परतली नव्हती. मोबाईल बंद. कुठं गेलीत, तर घरच्यांना एवढंच ठाऊक की 'तिकडं कुठंतरी धबधबा बघायला'. आम्ही वीसेक जण बॅटऱ्या, काठ्या, दोर घेऊन निघालो. पहिले तीन तास भलत्याच डोंगरात गेले. शेवटी वडापावच्या गाडीवाल्याला आठवलं की पोरांनी दुसऱ्याच वाटेची चौकशी केली होती. पहाटे सापडली. एकाचा पाय मुरगळलेला, बाकीचे दोघं थंडीनं काकडलेले. नशीब म्हणायचं.

तेव्हापासून बेपत्ता विमानांच्या शोधाचा इतिहास वाचत बसलोय. विमानाचा आणि ट्रेकचा काय संबंध, असं वाटेल. थोडं थांबा.

१९६७ चा मार्च. अमेरिकेत ओरेगनहून सॅन फ्रान्सिस्कोकडं निघालेलं एक छोटं सेसना विमान कॅलिफोर्नियाच्या बर्फाळ डोंगरात पडलं. आत नवरा, बायको आणि सोळाव्या वर्षात येऊ घातलेली मुलगी. तिघंही अपघातातून वाचले होते. शोध झाला आणि थांबलाही. ऑक्टोबरमध्ये एका शिकाऱ्याला विमानाचा सांगाडा दिसला. आत डायरी होती. त्या नोंदींवरून कळलं की मायलेकी जवळपास आठ आठवडे जिवंत होत्या. वाट बघत.

या घटनेनं अमेरिका हादरली. १९७० मध्ये कायदा झाला की छोट्या विमानांत संकट-संकेत देणारं यंत्र हवं. विमान आदळलं की ते आपोआप रेडिओ संदेश सोडू लागतं. विमानमालकांना मुदत दिली गेली आणि ती संपायच्या आतच पुढची घटना घडली.

१६ ऑक्टोबर १९७२. अलास्कातल्या अँकरेजहून जुनोला जाणारं सेसना-३१० गायब झालं. आत साधी माणसं नव्हती. अमेरिकी प्रतिनिधीगृहातले बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे खासदार निक बेगिच. सोबत एक सहायक आणि वैमानिक. सगळी सरकारी यंत्रणा कामाला लागली. लष्करी विमानं, खासगी विमानं, ३९ दिवस शोध. हाती काय? काहीच नाही. आजतागायत त्या विमानाचा तुकडाही सापडलेला नाही. तपासात निष्कर्ष निघाला की संकेत-यंत्र विमानात नव्हतंच. वैमानिकाकडं हातात धरून नेता येईल असं एक होतं, पण ते फेअरबँक्सला दुसऱ्याच विमानात मिळालं.

म्हणजे यंत्र होतं. बरोबर नेलं नव्हतं. हे वाक्य वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

पुढचा प्रश्न असा की यंत्र बोललं तरी ऐकणार कोण? जवळून विमान गेलं तरच ऐकू येणार. म्हणून १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन एकत्र आले. हो, ऐन शीतयुद्धात! उपग्रहांनी संकटाचे संदेश टिपायचे ठरलं. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाचा, जून १९८२ मध्ये सोडलेला. त्याच सप्टेंबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या छोट्या विमानातले तिघे त्याच्यामुळं वाचले. आणि हे तिघे कशासाठी उडाले होते? दुसरं एक बेपत्ता विमान शोधायला.

आज ही यंत्रणा 'कोस्पस-सारसॅट' या नावानं जगभर चालते. भारतही तिच्यात आहे. इस्रोचं केंद्र बेंगळुरूला, संदेश टिपणारी स्थानकं बेंगळुरू आणि लखनौला. नव्या यंत्राच्या संदेशात त्याची ओळखही असते. पण ते कुणाचं, घरी फोन कुणाला लावायचा, हे मालकानं आधी नोंदवलेलं असेल तरच कळतं. नोंदणी नसेल तर पहिला वेळ त्याच चौकशीत जातो.

आता वाटेल की प्रश्न मिटला. नाही मिटला. ३ सप्टेंबर २००७ ला स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून छोट्याशा विमानात एकटाच फेरफटका मारायला निघाला. हा बलूनमधून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस! जाताना उड्डाणाचा मार्ग त्यानं कुठंही नोंदवला नव्हता. विमानातल्या यंत्राचा संदेश कुणापर्यंत पोचला नाही. मग हजारो चौरस मैल पिंजून काढले. जगभरातल्या हजारो लोकांनी घरबसल्या संगणकावर उपग्रहाची चित्रं तपासली. सापडलं काय, तर याआधी पडलेल्या दुसऱ्याच विमानांचे अवशेष. फॉसेट नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये कोर्टानं त्याला मृत घोषित केलं. बेपत्ता झाल्यापासून वर्षभरानं कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ डोंगर चढणाऱ्या एकाला त्याची ओळखपत्रं आणि काही नोटा दिसल्या. दोन दिवसांत विमानही सापडलं. रँचपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, दहा हजार फूट उंचीवर. डोंगराच्या अंगानं खाली येणाऱ्या वाऱ्यानं विमान दाबलं गेलं आणि त्याला वर चढता आलं नाही, असं तपासात ठरलं.

आपल्याकडंही तेच. ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू तवांगहून हेलिकॉप्टरनं निघाले आणि दिसेनासे झाले. 'भूतानात सुखरूप उतरले' अशी बातमीही पसरली. ती खोटी निघाली. उपग्रहांची चित्रं, सुखोई विमानं, लष्कर, सगळं लागलं. पाचव्या दिवशी अवशेष दिसले ते तिथल्या डोंगरातल्या गावकऱ्यांना.

शिकारी, डोंगर चढणारा, गावकरी. शेवटी वाट माहीत असलेली पायी माणसंच पोचतात. मी उपग्रहाला कमी लेखत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या त्या तिघांना विचारा! पण माणूस कुठं गेला हे कुणालाच ठाऊक नसेल, तर उपग्रह काय, गावकरी काय, सगळेच अंधारात हात मारतात. फॉसेटच्या नोंदीचा एक कागद असता, तर तो वाचला असता असं नाही म्हणत. पण त्याच्या बायकोला वर्षभर वाट बघावी लागली नसती.

आता आपल्या गावाचं. पायथ्याच्या टपरीवर एक वही ठेवा, असं मी ग्रामपंचायतीच्या बैठकीत मांडलं. नाव, किती जण, कोणती वाट, परत कधी, घरचा नंबर. पाच रकाने. 'लोक लिहीत नाहीत हो,' असं उत्तर आलं. मग मीच साठ रुपयांची वही आणून ठेवली. पहिल्या रविवारी अकरा नोंदी झाल्या. दुसऱ्या रविवारी चार. वही अजून तिथंच आहे.

या पावसाळ्यात येणार असाल तर या, तुमचंच गाव आहे. वडापाव खा, चहा घ्या. वर जाण्याआधी फक्त तेवढे पाच रकाने भरा. आणि खाली आल्यावर नावापुढं बरोबरची खूण करायला विसरू नका. ती खूण दिसेपर्यंत आमच्यातला कुणीतरी जागा असतो.