वडिलोपार्जित एकनळी

कुटुंबांचा इतिहास लिहू जाता सनदा, वतनाचे कागद आणि कुलवृत्तान्त यांकडे प्रथम लक्ष जाते, व ते योग्यच आहे. परंतु कित्येक घरांत तीन-चार पिढ्यांच्या हाताखालून गेलेली एक वस्तू माजघराच्या खुंटीवर असूनही इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. ती वस्तू म्हणजे एकनळी बंदूक. बाजारात तिला आज फारसे मोल येणार नाही. तथापि वाटणीच्या वेळी भांडीकुंडी बिनतक्रार सोडणारे भाऊ या एका बंदुकीपाशी अडून बसलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. हा जिव्हाळा कोठून आला, याचा थोडा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण धडाक्याने अमलात आणले. दक्षिण मराठा मुलखात त्याचा तीव्र प्रतिकार झाला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी त्याच वर्षी शस्त्रे देण्याचे नाकारले आणि त्यासाठी प्राण वेचले. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. त्या कायद्याने एतद्देशीयास परवाना सक्तीचा केला, आणि यूरोपीयांस मात्र सूट मिळाली. हा भेद लोकांना फार झोंबला. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेत या कायद्याविरुद्ध ठराव झाला. आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहापूर्वी महात्मा गांधींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्यालाही हा प्रश्न स्वाभिमानाचा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अशा काळात ज्या घरी परवाना आला, त्या घराचा गावात मान वाढला. बंदुकीबरोबर परवान्याचे पुस्तकही कापडात गुंडाळून जपले गेले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. या मानात पराक्रमाचा अंश असेल, तसाच सरकारी मर्जीचाही होता. परवाना सरकारच्या विश्वासातील माणसास मिळे. सामान्य कुळास तो दुर्लभ असे. पूर्वजांचा अभिमान बाळगताना ही बाजूही मुलांस सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाची केवळ स्तुती होते.

आता प्रत्यक्ष बंदुकीविषयी. जुन्या घरांत दोन प्रकार आढळतात. पहिली ठासणीची : तोंडाकडून दारू, चिंध्या व छर्रे घालून गजाने ठासावयाची आणि केप लावून उडवावयाची. दुसरी काडतुसाची, जिची नळी मागच्या बाजूस मोडून काडतूस घालता येते. ही बहुधा बारा बोअरची असते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता एका गोळीची जी जाडी होईल तेवढे तिच्या नळीचे तोंड, म्हणून हे नाव. ते माप सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरते. पूर्वीची कागदी काडतुसे पावसाळ्यात दमट होऊन फुगत व नळीत शिरत नसत. म्हणून ती चुलीच्या उबेला ठेवण्याची खबरदारी घरोघर घेतली जाई.

एकनळीत बार एकच. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर निघून जाते, किंवा अंगावर येते. म्हणून ती वापरणाऱ्यास घाई करून चालत नसे; नेम पक्का झाल्यावाचून चापाला बोट लागत नसे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भात, नाचणी पिकू लागली की माळ्यावर बसून रात्रीची राखण करावी लागे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचे पीक उद्ध्वस्त करी. त्या जागलीत बाप आणि मुलगा एका घोंगडीखाली बसत, आणि बंदुकीबरोबर शेताची, रानाची व घराण्याची माहिती एका पिढीकडून दुसरीकडे जाई. जिव्हाळ्याचे मूळ आम्हांस येथे दिसते. खंडेनवमीस तिला तेलपाणी करून, झेंडू वाहून पुजले जाई, ते या उपकाराच्या जाणिवेनेच.

कोडगू प्रांतातील कोडवांत हा भाव अधिक प्रकट आहे. त्यांच्या कैलपोळ्द सणात बंदुका फुलांनी सजवून पुजतात. घरी मुलगा जन्मल्यास बंदुकीचा बार काढून वार्ता देण्याची त्यांची जुनी चाल आहे. त्या समाजास परवान्याच्या बाबतीत इंग्रजी अमलापासून खास सवलत आहे. आपल्याकडील घरांना ती नाही.

म्हणूनच कायद्याविषयी दोन शब्द लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि ते संपले हे वनांच्या दृष्टीने इष्टच झाले. शस्त्रांचा १९५९ चा कायदा १९६२ पासून अमलात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका परवानाधारकास, वारशाची धरून, दोनहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. २०१६ च्या नियमांत मात्र वारसांची सोय आहे : परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसास, किंवा त्याच्या वयाची ७० वर्षे अथवा बंदूक बाळगल्याची २५ वर्षे यांपैकी जे आधी होईल तेव्हा त्याने नेमलेल्या वारसास, परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडील वारल्यावर मुले मुंबई-पुण्यास, बंदूक गावच्या बंद घरात, आणि परवाना मुदत संपलेला, ही स्थिती आज अनेक घरांची आहे. भावनेपोटी ती लपवून ठेवणे हा गुन्हा आहे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी. आणि जमा केल्यावर मुदतीत मागणी न केल्यास ती सरकारजमा होऊ शकते, हेही विसरू नये. नळीवर लहरींसारखी नक्षी असल्यास ती पट्ट्या पिळून घडविलेली जुनी नळी समजावी. तीत आजचे निर्धूर दारूचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

सर्वच घरांना बंदूक ठेवता येणार नाही, आणि ठेवावी असा आमचा आग्रहही नाही. परंतु ती देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे : तिच्यावरील क्रमांक व कारखान्याची खूण टिपून घ्यावी, छायाचित्र काढावे, जुने परवाने जपावेत, आणि ती कोणी, केव्हा, कशासाठी घेतली हे घरातील वृद्धांकडून लिहून घ्यावे. आजींना व काकूंनाही विचारावे. रात्री राखणीला गेलेल्या माणसांची वाट पाहत दाराशी जागणाऱ्या त्याच होत्या, आणि त्यांची आठवण कोणत्याही परवान्यात नोंदलेली नाही. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी अशी टिपणे मंडळाकडे पाठविल्यास पुढील स्मरणिकेत ती छापण्याची आम्ही संपादकांस विनंती करू. हे काम लांबणीवर टाकू नये. सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.