वीस ब्राउनिंग आणि मॅगझिनचा प्रश्न

पोलादपूरहून कशेडी घाट उतरला की खेड तालुका लागतो. अनंत कान्हेरे मूळचे तिथले. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपल्याला माहीत आहे. आज बोलूया हत्याराबद्दल.

सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. रिव्हॉल्वरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. ब्राउनिंगचं तसं नाही. मॅगझिनमधली स्प्रिंग काडतूस वर ढकलते आणि तोंडाशी वळवलेल्या पत्र्याच्या कडा ते नेमक्या कोनात धरतात. कड जराशी वाकली तरी काडतूस अडकू शकतं. पिस्तूल ठणठणीत, पण उपयोग शून्य! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळा भार एका डिपेन्डन्सीवर.

त्यात 1878 चा शस्त्र कायदा. चोरून आणलेल्या पिस्तुलाचं मॅगझिन बिघडलं तर दुकानात कसं मागणार? अशा वेळी हत्यारं एकाच मॉडेलची असली तर बरं, एकाचं मॅगझिन दुसऱ्याला चालतं.

पण एका खेपेत आलेल्या मालाचा मागही एकच असतो. अमीन माफीचे साक्षीदार झाले. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्यात फासावर गेले. कान्हेरे जेमतेम 18 वर्षांचे होते. पिस्तुलं पुरवल्याबद्दल सावरकरांना जानेवारी 1911 मध्ये दुसरी जन्मठेप झाली. मॅगझिन बदलता येतं, पण हत्यार कुठून आलं ते बदलता येत नाही.