क्षमाशील पातें

गोल्फमधील 'आयर्न' काठीचें पातें पूर्वीं घडीव व पातळ असे. चेंडू मध्याऐवजीं कडेला लागला कीं तें हातांत फिरे आणि फटका वांकडा जाई. नॉर्वेंत १९११ सालीं जन्मलेले, अमेरिकेंत एंजिनियर झालेले कार्स्टन सोलहाइम चाळिशीनंतर या खेळाकडे वळले. पात्याची पाठ पोखरून त्यांनीं वजन कडांकडे नेलें. त्यामुळें चुकलेल्या फटक्यालाहि पातें फारसें फिरेना. १९८२ सालच्या त्यांच्या 'पिंग आय टू' काठ्या फार गाजल्या. अशा क्षमेनें कौशल्य लोपतें, हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. चेंडू हवा तसा वळविण्याची नजाकत पातळ पात्यांत अधिक, हें खरें. पण आठवड्यांतून एकदां मैदानावर जाणाऱ्या गृहस्थानें गमवावी इतकी नजाकत कमावलेली तरी कोठें असते?