कोंड्याचें कवच

तापल्या लोखंडाचा पत्रा लाटतांना त्यावर काळी खपली धरते. ती काढण्यास पत्रा अम्लांत बुडवितात. पण अम्लाला आपपरभाव कोठला? खपली सुटली कीं तें लोखंडच खाऊं लागतें, आणि उसळणाऱ्या वायूबरोबर अम्लाचे तुषार कामगारांच्या छातींत शिरतात. इटलींतील मारांगोनी व स्तेफानेल्ली यांनीं १८७२ सालीं कोंड्याचा अर्क आणि सरस वापरून ही झीज मंद केली. एक पिठाच्या गिरणींतला केर, दुसरा कातडीं-हाडें उकळून काढलेला चिकटा! त्याच शतकांत ब्रिटनमध्यें बाल्डविननें साखरेच्या मळीच्या अशाच उपयोगाचें पेटंट घेतलें. या द्रव्यांचे कण उघड्या धातूला बिलगून पातळ पडदा धरतात. खपली मात्र सुटत राहते. अडचण एवढीच कीं, अर्क नासतो. तो वारंवार ताजा घालावा लागतो.