एका नाविकाचें प्रायश्चित्त



वाल्या कोळ्याचा वाल्मीकि झाला ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पातकी मनुष्याला एका क्षणीं उपरति व्हावी आणि त्याचें सारें जीवन पालटावें, या कल्पनेनें मनाला मोठा दिलासा मिळतो. ‘अमेझिंग ग्रेस’, म्हणजे ‘अद्‌भुत कृपा’, या इंग्रजी ख्रिस्ती गीताची कथाहि बहुधा अशीच सांगितली जाते. गुलामांच्या जहाजाचा कप्तान तुफानांत सांपडला, त्यानें देवाचा धांवा केला, तो पापी व्यापार तत्काळ सोडला आणि हें गीत लिहिलें! कथा सुंदर आहे. परंतु ती खरी नाहीं. खरी हकीकत तिच्याहून कठोर आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे.

गीताचा कर्ता जॉन न्यूटन १७२५ सालीं लंडनमध्यें जन्मला. १७४८ च्या मार्चमध्यें ‘ग्रेहाउंड’ जहाज उत्तर अटलांटिकांत वादळांत सांपडलें, तेव्हां तो त्यावर होता. जहाज फुटलें, पाणी आंत शिरलें, आणि आजवर देवाची थट्टा करणाऱ्या न्यूटनच्या तोंडून देवाचें नांव निघालें. तो दिवस त्यानें आमरण पाळला. पण त्या जहाजावर गुलाम नव्हते. मेण, हस्तिदंत असा माल होता. गुलामांच्या जहाजाचें कप्तानपद त्याला मिळालें तें त्यानंतर! १७५० ते १७५४ या काळांत त्यानें अशा तीन सफरी केल्या. रविवारीं तो खलाशांकडून प्रार्थना करवी, आणि खालीं तळाशीं साखळदंडांनीं जखडलेलीं माणसें कण्हत असत. पुढें त्यानें समुद्र सोडला, तोहि प्रकृति बिघडली म्हणून.

१७६४ सालीं तो ओल्नी या लहानशा गांवीं धर्मोपदेशक झाला. तेथें कवि विल्यम कूपर याच्या सहवासांत त्यानें पुष्कळ गीतें रचलीं. प्रस्तुत गीत १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनाशीं निगडित असून १७७९ मध्यें ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहांत छापलें गेलें. त्याला आधार आहे बायबलांतील दावीद राजाच्या एका प्रार्थनेचा. नववर्षाच्या दिवशीं मागें वळून पाहावें, आणि ज्या कृपेनें येथवर आणलें तीच पुढें नेईल असा भरंवसा धरावा, हा गीताचा गाभा. त्यांत ‘मी’ आहे. ज्यांना त्यानें विकलें, त्यांचा मात्र उल्लेख नाहीं.

तो उच्चार व्हावयास आणखी १५ वर्षें लागलीं. १७८८ सालीं, वयाच्या ६२ व्या वर्षीं, त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. फडताळांत पुस्तकें रचावीं तशीं माणसें जहाजांत कशीं रचलीं जात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें लिहिलें. या कामांत आपलाहि हात होता आणि ही कबुली फार उशिरां येत आहे, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. पार्लमेंटांत झगडणाऱ्या विल्बरफोर्सला त्याचा आधार होता. २५ मार्च १८०७ रोजीं ब्रिटनमध्यें तो व्यापार बंद करणारा कायदा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला.

आज सर्वपरिचित असलेली चाल न्यूटनची नव्हे. ती १८३५ सालीं अमेरिकेंत विल्यम वॉकर यानें या शब्दांना जोडली. पुढें १९४७ सालीं महालिया जॅक्सन या गायिकेनें हें गीत ध्वनिमुद्रित केलें. तिचे पूर्वज गुलाम होते. ज्यांच्याविषयीं गीत मौन राहिलें, त्यांच्याच वंशजांनीं तें आपलेंसें केलें!

वादळ आणि ती पुस्तिका यांत ४० वर्षांचें अंतर आहे. उपरति क्षणांत होत असेल. पण आपण कोणाचा अपराध केला, हें ओळखून त्याचें नांव घ्यावयास कधीं कधीं अर्धें आयुष्य लागतें. वाल्याच्या अंगावरहि वारूळ चढावें लागलें होतें. कथा सांगतांना आपण तेवढाच भाग घाईनें ओलांडतों.